पंखा चालू आहे का? — हो

सोमवार, ४ मार्च २०१९

झाले मी प्रतिनिधी! निवडणूक वगैरे काही नाही. डायरेक्टरांनी विचारलं, "कामगारांतर्फे सुरक्षेचं कोण बघणार?" — सगळ्यांनी खाली बुटांकडे बघितलं. बुटांचाच कारखाना, बघायला बूट कमी नाहीत. तेवढ्यात यागोदा मागून ओरडली, "आमच्या जाऊबाई! घरात कोणाला धड बसू देत नाहीत, इथेही देणार नाहीत!" हशा पिकला, हात वर झाले, माझं नाव कागदावर गेलं.

यागोदा माझी धाकटी जाऊ. सहा वर्षांपूर्वी मीच तिला इथे आणून चिकटवायच्या टेबलावर बसवलं. त्याचे पांग फेडतेय बया.

डायरेक्टर वुकाशिन अर्धा तास बोलले. शाळेत हा माझ्या दोन वर्ग मागे होता, नाक पुसायला रुमाल नसायचा. आता साहेब. ज्या इटलीवाल्यांसाठी आम्ही बूट बनवतो त्यांना कागद हवाय — कारखान्यात सुरक्षेचा कार्यक्रम आहे आणि तो सगळे मिळून चालवतात, असा. "सामायिक जबाबदारी!" मी मोजलं, नऊ वेळा म्हणाले. "सुरक्षितता माझ्या एकट्याची नाही, तुमचीही आहे." ऐकताना बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. एकोणीस वर्षांत इथलं काहीतरी आमचंही आहे हे पहिल्यांदाच कोणी सांगितलं.

हिरवं जाकीट मिळालं. पाठीवर मोठ्या अक्षरात: सुरक्षा. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "वा! चल, मला रस्ता ओलांडून दे." मोमिरला सगळ्याचीच थट्टा.

शुक्रवार, ८ मार्च

महिला दिन. दरवर्षी एक लाल कार्नेशन मिळतं. यंदा कार्नेशन आणि एक मास्क. कागदी! "दोन्ही नाकाला लावा," यागोदा म्हणाली, "बघू वास कशाचा जास्त येतो."

वास बूट चिकटवायच्या सोल्युशनचाच येतो, दुसरा कशाचा येणार? जानेवारीपासून नवीन पिवळे डबे आलेत. पटकन वाळतं, बूट झटपट निघतात, वास गोडसर. दुपारपर्यंत डोकं गरगरायला लागतं. आम्ही त्याला फुकटची राकिया म्हणतो. यागोदाला सगळ्यात जास्त चढते — तिची जागा कोपऱ्यात, डब्यांपाशी, आणि वाट्या भरून द्यायचं कामही तिचंच.

समितीची पहिली बैठक झाली. कायद्याने आमचा एक जास्त: त्यांचे दोन, आमचे तीन. त्यांचे म्हणजे डायरेक्टर आणि नेवेन इंजिनीअर — आठवड्यातून एकदा येतो, सुरक्षेचे कागद करतो, केसांना काहीतरी चोपडतो. आमचे म्हणजे मी, आमच्या टेबलावरची स्तामेंका मावशी, आणि गोदामातला स्लावोल्युब, जो बैठकीत झोपला. कामं वाटली. पंखा बसवणं आणि यंत्रं डायरेक्टर बघणार. कागद आणि शिकवणं नेवेन. वापर आणि देखरेख — आम्ही. मी जाड निळं रजिस्टर सुरू केलं. जे ठरेल ते लिहायचं, खाली सह्या घ्यायच्या. शाळेत अक्षराला मला कायम पाचपैकी पाच असायचे.

बुधवार, १३ मार्च

पंखा बसला! ऑफिसच्या बाजूच्या भिंतीवर, उंचावर, मोठ्या जाळीचा. तो सोल्युशनचा वास ओढून घेणार. आणि समोर, अंगणाकडच्या भिंतीला, आमच्या पाठीमागे तीन चौकोनी भोकं पाडली आहेत — ताजी हवा आत यायला. काल रात्री गवंडी येऊन गेले म्हणे. नेवेनने बटण दाबलं. हिरवा दिवा, घोंऽऽ आवाज, टाळ्या, फोटो. फोटो इटलीला जाणार.

"बारा जणींची फुप्फुसं वाचली बघा!" नेवेन म्हणाला.

स्तामेंका मावशीने मागे वळून भोकाकडे बघितलं. मग दाराकडे. मग पुन्हा भोकाकडे. "प्रोमाया," ती म्हणाली. टाळ्या तिथेच थांबल्या.

शुक्रवार, १५ मार्च

प्रोमायाला हसणारा माणूस आपल्यातला नव्हेच. समोरासमोर दोन भोकं आणि मधे माणूस — वारा आरपार जातो आणि जाताना काहीतरी घेऊन जातो. कोणाची मान, कोणाची मूत्रपिंडं, माझ्या आत्याचा अर्धा चेहरा. भर उन्हाळ्यात बसमध्ये कोणी दुसरी खिडकी उघडली तर अख्खी बस त्याच्या अंगावर जाते. आणि हा नेवेन हसतो! "बायकांनो, प्रोमाया नावाचा रोग कुठल्याच पुस्तकात नाही." मग कॉफी प्यायला बसला, आणि दोन घोटांनंतर उठून पाठीमागची खिडकी लावून आला. मी बघितलं. मी बघितलं हे त्यालाही कळलं.

तीन दिवस डोक्याला रुमाल, कमरेला लोकरीच्या शाली बांधून आम्ही बूट चिकटवतोय. कोणी दार उघडलं की भोकांतून झोत येतो. आज मावशीची मान धरली. अख्खं अंग वळवून बोलते. मावशी एकसष्टची, या टेबलावर तिचा शब्द डायरेक्टरांच्या वर चालतो. मला म्हणाली, "दोब्रिला, जाकीट मिरवायला घातलंयस का? कर की काहीतरी!"

सोमवार, १८ मार्च

मतदान घेतलं. मी! हिरवं जाकीट घालून!

मावशी सकाळीच घरून जुनी पांघरुणं फाडून घेऊन आली होती. "पंखा राहू दे चालू, त्याने आपलं काय जातंय. भोकं तेवढी बुजवू." मी म्हटलं, असं नाही, रीतसर करायचं. जबाबदारी सामायिक आहे ना, मग ठरवायचंही सामायिक. हात वर करा. बुजवायच्या बाजूने अकरा. मावशी, मी, सगळ्या. विरोधात एक — यागोदा.

"मला त्या भोकापाशी बरं वाटतं गं," ती म्हणाली. "डोकं उतरतं. एक तरी राहू द्या."

"तू तरणी आहेस," मावशी म्हणाली. "मान म्हणजे काय ते चाळिशीनंतर कळतं."

"मावशी, एकेचाळीस पूर्ण झाली मला."

"मग तर तुला कळायलाच हवं!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. रजिस्टरात छान अक्षरात लिहिलं — बाजूने अकरा, विरोधात एक, सगळ्यांची नावं, सह्या. चिंध्या कोंबल्या. खोली लगेच उबदार झाली.

दुपारी डायरेक्टर फेरी मारून गेले. चिंध्यांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. "उबदार आहे इथे. छान," म्हणाले आणि गेले.

मंगळवार, २६ मार्च

नेवेनचा तपासणीचा कागद आला. दर आठवड्याला मी भरायचा. पहिला प्रश्न: पंखा चालू आहे का? — हो. भोकांबद्दल प्रश्नच नाही. सही केली.

बुधवार, १० एप्रिल

यागोदाच्या पायातून चप्पल निसटली आणि ती तशीच चालत संडासापर्यंत गेली. एक पाय चपलेत, एक मोज्यात. आम्ही हसून हसून बेजार. "अगं, फुकटची राकिया जास्त झाली!" ती वळून बघते तर चप्पल दहा पावलं मागे. तीही हसली, पण उशिरा.

जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, पायांना मुंग्या येतात. आधी बोटांना, आता घोट्यापर्यंत. मावशीने टेबलावर हात आपटला. "सांगत होते ना! भोकं उघडी असताना सगळ्यात जवळ कोण बसलं होतं? लागली प्रोमाया!" हे सगळ्यांनाच पटलं. मलाही. उगाच नाही कशाला म्हणू? संध्याकाळी मी स्वतः तिच्या घरी गेले, राकियात भिजवलेली फडकी पायांना बांधली, वर लोकरीचे मोजे चढवले.

आणि आज कारखान्यात तिच्या मागच्या भोकाची एक कड उघडी दिसली, ती मी बुजवली. चांगली ठासून.

शुक्रवार, १९ एप्रिल

पंखा चालू आहे का? — हो.

रविवार, २८ एप्रिल

ईस्टर. सगळे आमच्याकडे. यागोदा आणि तिचा नवरा मिलुतिन, म्हणजे माझा दीर, सकाळीच आले. मेंढी भाजली, माणसं जेवायच्या आधीच भांडली, मग अंडी लढवायला बसलो — अंड्यावर अंडं आपटायचं, ज्याचं फुटेल तो हरला. मोमिर दरवर्षी जिंकतो, लबाडी करतो. यागोदाने लाल अंडं उचललं, मूठ केली, मोमिरसमोर धरली. मोमिर टोला द्यायला गेला तर मुठीत अंडंच नाही — चुरा. टरफलं बोटांतून बाहेर.

"अगं, लढवायचं असतं, जीव नाही घ्यायचा!" मिलुतिन म्हणाला. सगळे हसले.

यागोदा स्वतःच्या हाताकडे बघत होती. "मला कळलंच नाही," म्हणाली. मग माझ्याकडे बघून हसली. असलं हसू की नको ते बघणं.

स्वयंपाकघरात तिने सांगितलं. दोन आठवडे झाले, ब्लाउजची बटणं मिलुतिन लावतो. कुलपात किल्ली फिरवता येत नाही. "कोणाला बोलू नकोस हं. टेबलावरून काढतील मला." मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. ती म्हणाली, "प्रोमायाला डॉक्टर काय करणार?"

गुरुवार, ९ मे

कारखान्याच्या जिन्यावरून पडली. तीन पायऱ्या. म्हणते, पायरी आहे हे डोळ्यांना दिसत होतं, पायांना माहीत नव्हतं. मावशीनेही आज प्रोमायाचं नाव काढलं नाही.

मंगळवार, १४ मे

यागोदाला घेऊन निश शहरात गेले, मोठ्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, चष्मा साखळीला. यागोदाला डोळे मिटायला लावले. "सुई टोचली की सांगा."

"सांगते," यागोदा म्हणाली आणि वाट बघत बसली. बाईंनी चार वेळा टोचून झालं होतं. पाचव्यांदा घोट्याच्या वर टोचलं तेव्हा म्हणाली, "आत्ता!" — एवढी खूश झाली, वर्गात पोरीने बरोबर उत्तर द्यावं तशी! मला खिडकीकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

मग प्रश्न. काम काय? बूट. कोणतं सोल्युशन? मी डब्यावरचा कागद सोलून खिशात आणला होता. बाईंनी तो वाचला, चष्मा काढला. हेक्सेन, म्हणाल्या. हे नसा खातं. मास्क कोणता? मी पर्समधून काढून दाखवला, आठ मार्चचा. "हा धुळीसाठी असतो," त्या म्हणाल्या. "पंखा आहे?"

"आहे," मी म्हटलं.

"आणि हवा आत यायला वाट?"

मी पर्सची चेन लावायला लागले. यागोदाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आहे डॉक्टर. सगळं आहे." माझ्यासाठी! त्या खोलीत, त्या सुया टोचून घेतल्यावर!

तरी मी विचारलंच. मूर्ख ती मूर्ख. "प्रोमायाने नाही ना होत असं?"

बाई हसल्या नाहीत. "रात्री दोन खिडक्या उघड्या ठेवून मीसुद्धा झोपत नाही, बाई. पण हे प्रोमायाने होत नाही. प्रोमाया नसली की होतं."

सोल्युशन आजपासून बंद. आधी अजून बिघडेल, मग सुधारेल, वर्ष-दोन वर्षांत. "पूर्वीसारखं?" यागोदाने विचारलं. बाई कागदावर लिहीत राहिल्या. आजार कामामुळे झाला असं ठरलं तर उपचार आणि जन्मभराचा भत्ता मिळेल. तसा कागद त्यांनी दिला. आता कारखान्याचं म्हणणं त्याला जोडायचं.

परतीच्या बसमध्ये यागोदाचं डोकं माझ्या खांद्यावर. झोपली होती की नाही कोण जाणे. मी तिचा हात धरून बसले होते. तिला ते कळत नव्हतं.

बुधवार, १५ मे

सकाळी सहाला जाऊन चिंध्या उपसल्या. पांघरुणं, मोजे, कोणाचा तरी स्वेटर. मी ठासलेली कड निघेना, स्क्रूड्रायव्हरने काढली.

मावशी आली. "काय करतेस?"

"दोन महिन्यांपूर्वी करायला हवं होतं ते."

"एवढं शहाणपण होतं तर हात कशाला वर केलास तेव्हा?" ती ओरडली. "तू तर पहिला केलास!"

खरंच. पहिला माझाच होता. मी म्हटलं, "तुझ्या मानेपायी तिचे पाय गेले!" मावशीचा हात आपोआप मानेकडे गेला. मला वाईट वाटलं, आणि वाटलंही नाही.

तेवढ्यात दारात डायरेक्टर आणि नेवेन. डायरेक्टरांनी फोन वर धरला. खटक, खटक. मी दोन्ही हातांत चिंध्या घेऊन उभी.

शुक्रवार, १७ मे

समितीची बैठक. स्लावोल्युब जागा होता, हे विशेष.

डायरेक्टरांनी टेबलावर ओळीने मांडलं: फोटो. माझ्या सहीचे आठ कागद — पंखा चालू आहे का, हो, हो, हो. आणि निळं रजिस्टर, अठरा मार्चचं पान उघडून. किती स्वच्छ लिहिलंय मी! एकही खाडाखोड नाही.

"आपण जबाबदारी वाटून घेतली होती," ते म्हणाले. "मी पंखा बसवायचा, बसवला. नेवेनने कागद करायचे, केले. देखरेख तुमची. तुम्ही मतदान करून हवेची वाट बंद केलीत."

"तुम्ही चिंध्या बघितल्या होत्या साहेब! 'उबदार आहे, छान' म्हणालात!"

"कुठे लिहिलंय?"

लिहिलेलं नव्हतं. म्हणजे इथे आहे, या वहीत. पण ही वही कोण मानतं.

नेवेन सगळा वेळ पेनाचं टोपण काढत होता, लावत होता. "सुरक्षेची साधनं निकामी करणं म्हणजे कामावरून काढायला पुरेसं कारण आहे," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "कायद्यात आहे."

अकरा जणी. एकीच्याही घरात दुसरी नोकरी नाही.

सोमवार, २० मे

डायरेक्टरांनी एकटीला बोलावलं. कॉफी मागवली, चांगल्या कपांत.

"दोब्रिला, तू समजूतदार आहेस. इटलीचे लोक जूनमध्ये येतायत. अकरा जणींनी सुरक्षा मोडली असं कळलं तर काम अल्बानियाला जाईल. मग मी नाही, तू नाही, कोणीच नाही. पण एकीने, समज, स्वतःच्या मर्जीने भोकं बुजवली असतील... असं होतं कुठेही."

"एकीने म्हणजे कोणी?"

ते कॉफी प्यायले. "यागोदा तशीही टेबलावर परत येणार नाही. तिने लिहून दिलं तर मी तिला पॅकिंगमध्ये घेतो. बसून काम. खोक्यांना लेबल लावायचं."

"लेबल धरता येत नाही तिला."

"मग खोकी मोजेल."

"आणि तिचा आजाराचा कागद?"

"चूक स्वतःची असली की तो कागद पुढे जात नाही. कायदा मी केलेला नाही." मग निळं रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. "हे तुझं. यात एक पान जास्त आहे."

जास्तच आहे. त्या पानावर लिहिलंय की बुजवू नका म्हणणारी एकटी यागोदाच होती.

संध्याकाळी मावशीच्या स्वयंपाकघरात अकरा जणी जमलो. डायरेक्टर काय म्हणाले ते मी सांगितलं. या खेपेला मी हात वर करा म्हटलं नाही. रुझित्साने नुसतं म्हटलं, "माझ्याकडे तीन तोंडं आहेत." मावशीने चुलीचं झाकण उघडलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. पान मी फाडलं. आत टाकलंही मीच. मावशीला कशाला दोष देऊ.

खरं सांगायचं तर मला वाटलं, आमची चूक आहेच. डायरेक्टर नालायक, पण पंखा त्याने बसवला. श्वास आम्ही कोंडला. असं स्वतःला समजावत घरी आले.

बुधवार, २२ मे

मजकूर मी लिहिला. माझ्याच अक्षरात. मग यागोदाकडे गेले.

मिलुतिनने दार उघडलं. कॉफी विचारली नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून या दिराने मला कॉफीशिवाय कधी बसू दिलं नव्हतं. मी काय आणलंय ते ऐकून घेतलं आणि परसात निघून गेला. लाकडं फोडायचा आवाज येत राहिला. मे महिन्यात.

यागोदाने कागद मांडीवर घेतला, मोठ्याने वाचला. "'मी माझ्या मर्जीने, कोणालाही न विचारता'... छान लिहिलंयस गं. तुझं अक्षर पहिल्यापासूनच चांगलं."

"नको म्हण," मी म्हटलं. "तू नको म्हण, मी कागद फाडते. मी जाते आणि सांगते सगळं."

"आणि मग? मोमिर तीन वर्षं घरी बसलाय. दोन्ही घरांत एक तरी पगार यायला नको?" ती थांबली. "अकरा जणींत तू आहेस म्हणून सही करतेय. मावशीसाठी केली नसती, ते सांग तिला."

पेन बोटांतून तीनदा पडलं. चौथ्यांदा मी तिचा हात माझ्या हातात धरला आणि आम्ही दोघींनी मिळून तिची सही केली. 'य'ची शेपटी ती नेहमी लांब ओढते. तीही ओढली.

निघताना म्हणाली, "जाऊबाई, बटण." गळ्याचं बटण उघडं होतं. लावलं.

गुरुवार, २३ मे

कागद दिला. डायरेक्टरांनी हात मिळवला. घरी येऊन तीनदा हात धुतले, साबण संपवला. मोमिरने आज थट्टा केली नाही.

मंगळवार, २८ मे

सरकारी निरीक्षक आले. वयस्कर गृहस्थ, गुडघे दुखत होते, उभं राहवत नव्हतं. दारातूनच बघितलं. भोकं मोकळी, पंखा सुरू, हिरवा दिवा. "साधनं चालू स्थितीत," लिहिलं. यागोदाचं निवेदन वाचलं, मान हलवली. "काय हे, बायका स्वतःच्या जिवाशी खेळतात." मी हिरवं जाकीट घालून शेजारी उभी होते. मला विचारलं, "कामगारांतर्फे काही म्हणणं?"

"नाही," मी म्हटलं.

यागोदाच्या जागेवर डायरेक्टरांनी नवीन मुलगी बसवली. मी तिला सांगितलं, मागचं भोक बुजवायचं नाही, थंडी वाजली तर स्वेटर घाल. मावशी मान अवघडून बसते, पण चिंध्या आणत नाही. भोकं मोकळी होऊन दोन आठवडे झाले. तरी दुपारपर्यंत डोकं पूर्वीइतकंच गरगरतं. असं का, कळत नाही. उकाडा असेल.

शुक्रवार, ३१ मे

कामांची नवीन वाटणी भिंतीवर लागली आहे. पंख्याची जाळी महिन्यातून एकदा पुसणे — कामगार प्रतिनिधी. शिडी लावली, चार स्क्रू काढले, जाळी उतरवली.

जाळीमागे पंखा. पंख्यामागे भिंत. चुना मारलेली, सलग. हात फिरवून बघितला, बोट जाईल एवढंही भोक नाही. हवा बाहेर जायला वाट पाडलेलीच नाही. पाडतील तरी कशी? पलीकडे डायरेक्टरांचं ऑफिस आहे.

यागोदाच्या सहीला आज नऊ दिवस झाले.